काळी स्क्रीन, निळी स्क्रीन आणि वीस वर्षांचं भांडण

हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय त्यांच्यासाठी सुरुवातीलाच सांगतो, बोलताना जसं आलं तसंच जवळपास इथे उतरवलंय. फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘अं’ तेवढे काढलेत.

गोष्ट डिसेंबर २०२१ ची. तासगावला मामाकडे गेलो होतो. मामाची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि त्या महिन्याच्या सुरुवातीलाच अवकाळी पाऊस होऊन गेलेला. घरात बोलणं एकाच विषयावर, औषधाची फवारणी कधी आणि कितव्यांदा. मामेभाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचा प्रोजेक्ट म्हणजे द्राक्षाच्या पानाचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरने सांगायचं, भुरी आहे, डाऊनी आहे की पान चांगलं आहे. सोमवारी डेमो. शुक्रवारी रात्री जेवायच्या आधी तो म्हणाला, “दादा, मॉडेल ट्रेन व्हायला लय वेळ लागतोय. एका फेरीला चाळीस मिनिटं. लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड आहे, पण लिनक्सवर ते चालतच नाही.”

मी काय म्हणालो? “पंधरा मिनिटांचं काम आहे. दे इकडे.”

साडेअकराला त्याच्या सेकंडहँड लॅपटॉपवर पूर्ण काळी स्क्रीन होती. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी आडवी रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही. प्रोजेक्ट आतच होता आणि बॅकअप नव्हता. मामी दोनदा म्हणून गेल्या, आधी जेवून घ्या. मामेभाऊ काहीच बोलत नव्हता, ते जास्त वाईट होतं.

त्या दोन तासांत मी काय काय केलं ते आधी भराभर सांगतो, कारण पुढचा सगळा भाग त्याच्यावरच आहे. मी कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवला, विंडोजवर आपण करतो तसा. तो म्हणाला, ‘नूवो’ नावाचा ड्रायव्हर आधीच चालू आहे, तो बंद करा. मी कुठूनतरी दोन ओळी कॉपी करून तो बंद केला. मग इन्स्टॉलर म्हणाला, कर्नलचे हेडर सापडत नाहीत. ते टाकले. मग म्हणाला, मोड्यूल बनलं, पण लोड होत नाही, आवश्यक ती की उपलब्ध नाही. ही ओळ मला कळलीच नाही, म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मग वाटलं, लिनक्सच्या स्वतःच्या पॅकेजमधून टाकून बघू, म्हणून पहिल्यावर दुसरं चढवलं. त्याने एक पासवर्ड ठेवायला सांगितला, ठेवला. रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन आली, इंग्रजीत काहीतरी ‘मॅनेजमेंट’ असं लिहिलेली, खाली दहा सेकंदांची उलटी गिनती. मला वाटलं, हे काहीतरी बायोसचं दिसतंय, याला हात लावायला नको. ‘पुढे चालू’ दाबलं. आणि मग ती काळी स्क्रीन.

तेव्हा मला वाटलं होतं, आपण मूर्ख आहोत. थोडे होतोच. पण नंतर या विषयावर वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की त्या रात्री स्क्रीनवर आलेली प्रत्येक ओळ वेगळ्या सालातून आली होती. नूवोची ओळ एका सालातली, हेडरची दुसऱ्या, ‘की’ची तिसऱ्या. दोन बाजूंचं एक जुनं भांडण आहे, आणि आपण ड्रायव्हर टाकतो तेव्हा त्या भांडणाच्या बरोबर मधोमध जाऊन उभे राहतो. आजचा भाग त्या भांडणाचा इतिहास आहे.

सुरुवात ग्राफिक्स कार्डाच्या कितीतरी आधी, एका प्रिंटरपासून करावी लागते. १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की ज्यांची छपाई थांबलीय त्यांच्या स्क्रीनवर निरोप जाईल, अशी सोय त्याने सॉफ्टवेअर बदलून केली होती. नव्या प्रिंटरचाही कागद अडकायचा, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमन त्याला जाऊन भेटला. त्याने नकार दिला, कारण कोड कुणालाही देणार नाही असं त्याने कंपनीला लिहून दिलं होतं. स्टॉलमनने ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगितली. म्हणजे बघा, मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी जी रागाची गोष्ट आहे ती ड्रायव्हरचीच आहे. वस्तू आपल्या खोलीत आहे, पण तिच्याशी बोलायची भाषा दुसऱ्याच्या कपाटात.

१९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून जीपीएल हे लायसन्स आलं. त्याची अट साधी आहे, तुम्ही हा कोड घेऊन, बदलून दुसऱ्याला दिलात, तर तुमच्या बदलांचा सोर्सही याच अटीवर द्यावा लागेल. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल सुरू केला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला. ही अट पुढे फार महाग पडणार होती, एका बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते एकदा नीट बघू. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. मेमरी कुणाला, प्रोसेसर कुणाला, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्डाला काम सांगायचं तर कार्डाच्या रजिस्टरांमध्ये ठरावीक आकडे ठरावीक क्रमाने लिहावे लागतात. कुठल्या रजिस्टरमध्ये कुठला आकडा, हे कार्ड बनवणाऱ्यालाच माहीत. हे लिहिणारा कोड कर्नलच्या आत चालतो. त्यामुळे ड्रायव्हर हा घरात आलेला पाहुणा नसतो, तो थेट स्वयंपाकघरात उभा असतो. त्याने चूक केली तर सगळं घर थांबतं.

नव्वदच्या दशकात थ्रीडी गेमचं वारं आलं. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या भराभर उगवल्या आणि तेवढ्याच भराभर बुडाल्या. थ्रीडीएफएक्स त्यातली सगळ्यात गाजलेली. २००० सालच्या शेवटी तिची बरीचशी मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. एनव्हिडिया १९९३ मध्ये सुरू झालेली कंपनी. लिनक्ससाठी तिचा एक ड्रायव्हर सर्वांना खुल्या कोडमध्ये मिळायचा, नाव ‘एनव्ही’. तो फक्त सपाट, टूडी काम करायचा, आणि त्याचा कोड वाचून कार्डाबद्दल फारसं काही कळू नये असाच लिहिलेला होता. खरा, पूर्ण ताकदीचा ड्रायव्हर २००० च्या सुमाराला आला तो बंदिस्त होता. तयार बायनरी घ्या, आत काय आहे विचारू नका.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा बंदिस्त ड्रायव्हर चांगला होता. तेव्हा बाकीच्यांचे लिनक्स ड्रायव्हर रडतखडत चालायचे आणि हा विंडोजच्या तोडीचा वेग द्यायचा. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी तो मुकाट्याने वापरला. त्यामुळे ‘कंपनी वाईट, लिनक्सवाले संत’ अशी ही गोष्ट नाही. कंपनीचं म्हणणं असं, की कोडमध्ये आमचं वर्षानुवर्षांचं गुपित आहे, आणि काही भाग दुसऱ्यांकडून लायसन्सवर घेतलेला आहे, तो आम्ही उघडा करू शकत नाही.

पण जीपीएलच्या कर्नलमध्ये बंद कोड घालायचा कसा? त्यावर जी युक्ती निघाली ती आजपर्यंत चालू आहे. ड्रायव्हरचे दोन भाग केले. मोठा भाग बंद, तयार बायनरी. आणि एक पातळ थर उघड्या कोडचा, जो तुमच्याच मशीनवर, तुमच्या कर्नलनुसार कंपाइल होतो आणि दोघांना जोडतो. पाण्याचा पाइप एका मापाचा आणि नळ दुसऱ्या मापाचा असेल तर प्लंबर मध्ये रेड्यूसर बसवतो ना, तसं. माझी ‘हेडर सापडत नाहीत’ ही ओळ तिथून आली. हेडर म्हणजे कर्नलचं माप. माप माहीत नसेल तर रेड्यूसर बनणार कसा?

आणि हे माप बदलत राहतं. लिनक्सचा नियम असा, की बाहेरच्या प्रोग्रामसाठी कर्नल आपली वागणूक मोडणार नाही, दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजही चालला पाहिजे. पण आतली, ड्रायव्हरांशी जोडणारी मापं कधीही बदलतील. हे चुकून होत नाही, ठरवून होतं. कर्नलच्या कागदपत्रांमध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांचं यावर एक टिपणच आहे, आणि त्याच्या नावातच स्थिर माप मागणं हा बाष्कळपणा असल्याचं म्हटलंय. त्यांचा युक्तिवाद असा, की तुमचा ड्रायव्हर खुला करून कर्नलमध्ये द्या, मग माप बदलताना आम्हीच तुमचाही कोड बदलून देऊ. बाहेर राहिलात तर तुमचं तुम्ही बघा.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नाही. खरं सांगू, आजही पूर्ण पटत नाही. कारण ‘तुमचं तुम्ही बघा’ हे बोलले कंपनीला, पण बघावं कुणाला लागतं? सकाळी कर्नलचं अपडेट येतं, मशीन रीस्टार्ट होतं, आणि परीक्षेच्या दिवशी काळ्या स्क्रीनसमोर बसतो तो विद्यार्थी. दोन मोठ्यांच्या भांडणात निरोप पोचवायला जसं लहान मुलाला पाठवतात, तसं.

यावर एक उपाय निघाला तो डेल कंपनीतून, २००३ मध्ये. नाव डीकेएमएस. कर्नल बदलला की बाहेरच्या ड्रायव्हरचा तो जोडणीचा थर आपोआप परत कंपाइल करायचा, एवढंच त्याचं काम. डिस्ट्रोचं पॅकेज वापरलं की एकतर हे नाहीतर तयार जुळवलेलं मोड्यूल मिळतं. कंपनीच्या साइटवरची फाइल हाताने टाकली आणि डीकेएमएसला ‘नाही’ म्हटलं, तर पुढच्या कर्नलला सगळं गळून पडतं. मी शुक्रवारी दोन्ही केलं होतं, एकावर एक. हे करू नका, एवढंच आत्ता म्हणतो. एक रस्ता धरा, आणि तो शक्यतो डिस्ट्रोचा.

२००१ मध्ये कर्नलवाल्यांनी अजून एक गोष्ट केली. प्रत्येक मोड्यूलने आपलं लायसन्स सांगायचं, आणि बंद कोडचं मोड्यूल लोड झालं की कर्नलने स्वतःवर एक खूण करून घ्यायची. इंग्रजीत ‘टेंटेड’. याला मराठीत चपखल शब्द आहे, बाटलेला. कर्नल बाटला! मशीन चालतं, काही बिघडत नाही. पण तुम्ही कर्नलमधल्या दोषाची तक्रार घेऊन गेलात आणि नोंदीत ही खूण दिसली, की समोरचा म्हणणार, आत काय आहे ते आम्हाला दिसत नाही, आधी तो ड्रायव्हर काढून परत करून दाखवा. आणि कंपनीकडे गेलात तर तिथे म्हणणार, कर्नल बदलला म्हणून झालं. यात लबाडी कुणाची नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. शिवाय कर्नलमधल्या काही सोयी फक्त जीपीएलच्या मोड्यूललाच मिळतील अशाही राखून ठेवल्या गेल्या. वेगळी पंगत.

आता नूवो. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

२००५ मध्ये स्तेफान मार्शेझाँ नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने ठरवलं, की त्या तुटपुंज्या ‘एनव्ही’च्या जागी एक खरा, खुला, थ्रीडी येणारा ड्रायव्हर करायचा. नावाची गोष्ट मजेशीर आहे. तो चॅटवर एनव्ही टाइप करायचा आणि त्याचं चॅट सॉफ्टवेअर आपोआप फ्रेंच शब्द सुचवायचं, ‘नूवो’, म्हणजे नवा. तेच नाव राहिलं. ऑटोकरेक्टने बारसं केलेला ड्रायव्हर!

पण कंपनीची कागदपत्रं नाहीत, मग रजिस्टर कळणार कशी? त्यांनी काय केलं तर बंद ड्रायव्हरवरच पाळत ठेवली. एमएमआयओट्रेस नावाचं हत्यार बनवलं. कार्डाची रजिस्टरं मेमरीच्या ज्या पानांवर दिसतात ती पानं ‘जागेवर नाहीत’ अशी खूण करून ठेवायची. बंद ड्रायव्हर तिथे लिहायला गेला की अडखळतो आणि ताबा कर्नलकडे येतो. कर्नल वहीत लिहून घेतो, या पत्त्यावर हा आकडा, आणि मग काम पुढे जाऊ देतो. एक आकडा, परत अडखळ, परत नोंद. असे अक्षरशः ढीग. वेगवेगळ्या कार्डांच्या मालकांनी आपापल्या घरी नोंदी काढून पाठवायच्या आणि मग काही माणसांनी बसून अर्थ लावायचा, की स्क्रीनचा आकार बदलला तेव्हा हा आकडा बदलला, म्हणजे हे रजिस्टर त्याचं असावं. न येणाऱ्या भाषेतलं बोलणं दाराआडून ऐकून व्याकरण लिहिण्यासारखं काम. बहुतेकांना त्याचे पैसे मिळत नव्हते.

आणि ते जमलं. फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ या कर्नलमध्ये नूवो आत घेतला गेला. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने आपल्या जुन्या ‘एनव्ही’ला निरोप दिला. तेव्हापासून लिनक्स टाकलं की स्क्रीन आपोआप दिसते ती बऱ्याचदा नूवोच्या कृपेने. मी शुक्रवारी ज्या ड्रायव्हरला दोन ओळींनी बंद केलं ना, तो हा. एका कार्डावर दोन ड्रायव्हर बसू शकत नाहीत, म्हणून बंद करावाच लागतो. पण तेव्हा मला तो नुसता अडथळा वाटला होता.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी ऑप्टिमस आणलं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स, साध्या कामाला इंटेलचं आणि जड कामाला एनव्हिडियाचं, म्हणजे बॅटरी टिकते. कल्पना उत्तम. विंडोजवर चाललं, लिनक्सवर काहीच नाही. मग २०११ मध्ये बाहेरच्याच लोकांनी ‘बंबलबी’ नावाचा प्रकल्प काढून ते चालवून दाखवलं. ऑप्टिमस आणि बंबलबी, नावं कुठली ते ट्रान्सफॉर्मर्स बघितलेल्यांना सांगायला नको. या बंबलबीच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एकदा एक फोल्डर पुसायची आज्ञा होती. पत्त्याच्या मध्ये, ‘स्लॅश यूएसआर’नंतर, चुकून एक स्पेस पडली. एक रिकामी जागा. त्यामुळे कॉम्प्युटरला दोन पत्ते दिसले, आणि पहिला होता अख्खा यूएसआर फोल्डर, म्हणजे जवळजवळ सगळी सिस्टम. ज्यांनी ते चालवलं त्यांचं काय झालं असेल, कल्पना करा. माझी काळी स्क्रीन त्यापुढे काहीच नाही. ग्राफिक्स कार्ड चालावं म्हणून लोक अनोळखी स्क्रिप्ट पूर्ण अधिकार देऊन चालवत होते, कारण दुसरा मार्गच नव्हता.

या पार्श्वभूमीवर १४ जून २०१२. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्सची मुलाखत चालू होती. प्रेक्षकांतल्या एका तरुणीने विचारलं, की माझ्या लॅपटॉपला ऑप्टिमस आहे, लिनक्सवर कंपनीकडून मदत मिळत नाही, यावर तुम्ही काय म्हणाल? टॉरवाल्ड्सने सांगितलं, हार्डवेअर कंपन्यांमध्ये आमचा सगळ्यात वाईट अनुभव याच कंपनीचा आहे. मग कॅमेऱ्याकडे वळून त्याने मधलं बोट दाखवलं आणि एक शिवी दिली. हॉल हसला, टाळ्या वाजल्या. तो व्हिडिओ तुम्ही मीममध्ये नक्की बघितला असेल.

पण मीममध्ये एक गोष्ट येत नाही. तो चिडला त्याचं एक कारण त्याने सांगितलं, ही कंपनी अँड्रॉइडच्या बाजारात भरपूर चिप विकायचा प्रयत्न करतेय. तेव्हा एनव्हिडियाच्या टेग्रा चिप फोन-टॅबलेटमध्ये होत्या, त्याच महिन्यात जाहीर झालेल्या नेक्सस ७ मध्ये टेग्रा ३ होती. आणि अँड्रॉइड चालतं लिनक्स कर्नलवर. म्हणजे त्याच कर्नलवर धंदा, आणि त्यालाच मदत नाही. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय तो अँड्रॉइड असेल तर त्यातही लिनक्स कर्नल आहे, आणि चिपचे बंद भागही आहेत. बऱ्याच फोनचे अपडेट काही वर्षांत थांबतात, त्याच्या कारणांत हेही एक आहे, नव्या कर्नलशी जुळवून द्यायला चिप बनवणारा तयार नसतो. आपण सगळेच या भांडणात आहोत, फक्त काळी स्क्रीन दिसत नाही म्हणून कळत नाही.

बोटाचा परिणाम झाला का, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये एनव्हिडियाने नूवोवाल्यांना काही कागदपत्रं द्यायला सुरुवात केली, हे मात्र खरं. आणि मग पुढच्याच वर्षी दार परत लागलं. २०१४ च्या शेवटी आलेल्या कार्डांपासून, कार्डाच्या आत चालणारं फर्मवेअर कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय चालेना. नूवोला कार्डाचा वेग वाढवायचा तर तेच फर्मवेअर लागतं. म्हणजे स्क्रीन दिसेल, पण कार्ड पहिल्या गिअरमध्येच राहील. इतकी वर्षं व्याकरण लिहिलं, आणि आता बोलायलाच परवाना लागतो म्हणे. मला इथे नूवोच्या लोकांसाठी खरंच वाईट वाटतं.

मामेभावाचं कार्ड या नंतरच्या पिढीतलं होतं. त्यात त्याला हवं होतं क्यूडा, २००७ मध्ये आलेली एनव्हिडियाची सोय, जिच्यामुळे कार्डावर चित्रांऐवजी गणितं करता येतात. मॉडेल ट्रेन करणं म्हणजे तेच. क्यूडा फक्त कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर चालतं. त्यामुळे आमच्यापुढे तात्त्विक निवड वगैरे काही नव्हतीच. बंद ड्रायव्हर टाकायचा किंवा चाळीस मिनिटांची फेरी.

राहिली ती निळी स्क्रीन. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. मशीन सुरू होताना ज्याच्यावर ओळखीची सही आहे तेच चालेल, म्हणजे व्हायरस बूटच्या आधी घुसू शकणार नाही. हेतू चांगला, पण लिनक्सचं काय? मॅथ्यू गॅरेट या प्रोग्रामरने ‘शिम’ नावाचा एक छोटा बूटलोडर लिहिला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली, आणि शिम पुढे लिनक्सला ओळखतो. सुसे कंपनीच्या इंजिनिअरांनी त्यात एक चांगली भर घातली, मशीनच्या मालकाची स्वतःची की. मोक म्हणतात तिला. तुमच्या मशीनवर कंपाइल झालेल्या मोड्यूलवर कुणाची सही असणार? तुमचीच. पण सही तुमचीच आहे हे कर्नलला कळायचं कसं? म्हणून रीस्टार्टनंतर ती निळी स्क्रीन येते. तिथे की नोंदवायची, आधी ठेवलेला पासवर्ड द्यायचा. ऑपरेटिंग सिस्टम सुरू व्हायच्या आधी, समोर बसलेल्या माणसाच्या बोटांनीच ते होतं, म्हणजे दूरवरचा चोर ते करू शकत नाही.

म्हणजे त्या सगळ्या भांडणात ती एकच स्क्रीन अशी होती, जी मला विचारत होती, की मालक तुम्हीच ना? आणि मी दहा सेकंदांत ‘पुढे चालू’ दाबलं.

तर शुक्रवारी रात्रीची अवस्था अशी होती. नूवो मी बंद केलेला. कंपनीच्या मोड्यूलवर ओळखीची सही नाही म्हणून कर्नल त्याला आत घेईना. आणि पहिल्या इन्स्टॉलरने एक सेटिंगची फाइल लिहून ठेवलेली, की स्क्रीन याच ड्रायव्हरने दाखवायची. तो ड्रायव्हरच आत नाही. चूक ना कर्नलची, ना कंपनीची. सरळ माझी.

साडेबाराला जेवलो. मग मामेभावानेच कुठेतरी वाचून सांगितलं, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघ. काळ्या स्क्रीनवर लॉगिन मागणारी ओळ आली! मशीन मेलंच नव्हतं, फक्त चित्र दाखवत नव्हतं. आधी प्रोजेक्टचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, हे सगळ्यात पहिलं करायला हवं होतं. मग कंपनीचा इन्स्टॉलर त्याच्याच अनइन्स्टॉलच्या आज्ञेने काढला, ती सेटिंगची फाइल हलवली, पॅकेजही पूर्ण काढून परत टाकलं. मोकयुटिल नावाच्या आज्ञेने की परत नोंदणीला लावली, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिला. रीस्टार्ट. निळी स्क्रीन. यावेळी आम्ही दोघं लग्नातल्या अंतरपाटाकडे बघावं तसे तिच्याकडे बघत होतो. ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट. पावणेतीनला एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा दिली आणि कार्डाचं नाव, तापमान, मेमरी असा तो चौकटींचा तक्ता उमटला. चाळीस मिनिटांची फेरी दोन मिनिटांच्या आत आली.

त्यानंतर पाच महिन्यांनी, ११ मे २०२२ ला, एनव्हिडियाने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, जीपीएल आणि एमआयटी अशा दुहेरी लायसन्सखाली. त्याआधी मार्चमध्ये लॅप्सस नावाच्या हॅकर टोळीने कंपनीचा डेटा चोरून, ड्रायव्हर खुले करा अशी खंडणी मागितली होती. पण दोन-अडीच महिन्यांत एवढं काम होत नाही. खरं कारण मला साधं वाटतं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आपल्या पुण्यात सी-डॅकचा परम सिद्धी-एआय आहे, नोव्हेंबर २०२० च्या त्या यादीत ६३ वा, तो एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालतो. एआयचा सगळा धंदा लिनक्सवर गेला, आणि असे गिऱ्हाईक बाटलेला कर्नल किती दिवस चालवून घेणार? आल्टोमधल्या त्या तरुणीच्या लॅपटॉपसाठी जे झालं नाही, ते डेटा सेंटरसाठी झालं.

शिवाय ‘खुला केला’ म्हणताना नीट बघा. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांनाच तो चालतो, कारण त्यांच्यावर एक वेगळा छोटा प्रोसेसर आहे आणि गुपितातलं पुष्कळसं काम आता तिथल्या फर्मवेअरमध्ये गेलंय. ते फर्मवेअर बंदच. क्यूडा बंदच. भिंत पाडली नाही, थोडी मागे सरकवली. पण त्या सरकण्यानेही फरक पडला. त्याच फर्मवेअरच्या आधाराने नूवोला नव्या कार्डांचा वेग वाढवता यायला लागला. आणि गंमत ऐका. नूवो वर्षानुवर्षं सांभाळणारे रेड हॅटचे बेन स्केग्ज सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कामातून बाहेर पडले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी नूवोसाठी परत भलामोठा कोड पाठवला, आणि यावेळी त्यांचा पत्ता एनव्हिडियाचा होता.

सोमवारचा डेमो झाला, मार्क बरे पडले. पण त्याआधी रविवारी संध्याकाळी मामेभावाने मामाला मोठ्या उत्साहाने लॅपटॉप दाखवला. मामाने बागेतून आणलेलं एक पान टेबलावर ठेवलं. फोटो काढला, मॉडेलने सेकंदाच्या आत उत्तर दिलं, भुरी, ९१ टक्के.

मामा म्हणाला, “डाऊनी आहे ही.”

“कशावरनं, बाबा?”

मामाने पान पालथं केलं. खालच्या बाजूने पांढरी बुरशी धरली होती. “तुझ्या मशीननं पान पालथं करून बघितलंय का?”

नव्हतं बघितलं. सगळे फोटो वरच्याच बाजूचे होते. उजेड जायला अर्धा तास होता, मोबाइल घेऊन आम्ही दोघं बागेत पळालो.